गार इंजिनाची टकटक

कुठलंही जुनं मशीन घ्यायला गेलो की मी आधी त्याच्यावर हात ठेवतो. भाव नंतर, चहा त्याच्याही नंतर. लेथ असो, कॉम्प्रेसर असो नाहीतर मोटरसायकल, हाताला गार लागलं तर बोलणं पुढं सरकतं. कोमट लागलं तर मी विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघतो, आणि बहुतेक वेळा तो दुसरीकडं बघायला लागतो. गरम इंजिन सगळे आजार झाकतं. किती किका लागतात, धूर कसला येतो, आत काही आपटतंय का, हे फक्त गार इंजिन सांगतं. म्हणून तर विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी चौकापर्यंत फिरवून आणतो. तळवड्यात माझा जुन्या मशीनच्या खरेदी-विक्रीचा धंदा आहे, आणि तो या एका सवयीवर उभा आहे असं म्हटलं तरी चालेल.

ही सवय मला ज्या माणसानं लावली, त्याच माणसानं तिचा वापर करून मला फसवलं, असं मी वीस वर्षं धरून चाललो होतो. आता काय धरून चालावं ते मला कळत नाही.

तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. परभणीकडून आलो होतो, तळेगाव दाभाड्याच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागलो होतो आणि एका गॅरेजच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. गॅरेजवाले मिस्त्री तिथल्याच जुन्या शेतकरी घरातले. भाऊ जमीन बघायचे, यांचा जीव इंजिनात. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावायचे आणि मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचे. मग मूठ माझ्या कानाला.

"काय ऐकू येतंय?"

"आवाज."

"आरं आवाज तर रेडकूबी करतंय. कसला आवाज?"

वर्षभरात मला चेनचा, बेअरिंगचा, टॅपेटचा आवाज वेगवेगळा ओळखू यायला लागला. त्याच वर्षी मी एक जुनी मोटरसायकल घेतली. काळी, किकवाली. माझ्या नावावर झालेली आयुष्यातली पहिली वस्तू. पहिल्या पाळीला मला रोज उशीर व्हायचा. चोक ओढायचा, किक मारायची, गिअर टाकायचा आणि सुटायचं. मिस्त्री दात घासत दारात उभे असायचे आणि तोंडातला फेस सांभाळत ओरडायचे, "आरं तिला जागी तर हू दे! झोपंतनं उठवून कुनी पळवतं का?" मी मागं न बघता हात हलवायचो. त्यांचं काय जात होतं? दोन मिनिटं तिथं उभा राहिलो असतो तर कंपनीच्या गेटवर माझा अर्धा दिवस कापला गेला असता.

पुढं लग्न झालं, मी चिखलीला राहायला गेलो आणि नोकरी सोडून स्वतःचं काही करायचं डोक्यात घेतलं. तळवड्यात दोन शेड भाड्यानं मिळत होती. एक रस्त्यालगत, एक मागं नाल्याच्या कडेला. रस्त्यालगतच्या शेडचं डिपॉझिट जास्त होतं, पण गाडी विकली की बरोबर जमत होतं. मी हे सगळं मिस्त्रींना चहा पिता पिता सांगितलं. ती माझी चूक. ते म्हणाले, "भायेर कशाला देतोस? मीच घेतो." भाव तोंडी ठरला. "पन सकाळी गार बघनार. रीत म्हंजे रीत."

रीत अशी होती की गाडी संध्याकाळी त्यांच्या दारात लावायची, रात्रभर गार होऊ द्यायची आणि सकाळी दोघांनी मिळून चालू करून बघायची. मी गाडी लावली आणि लोकलनं परत आलो. सकाळी गेलो. इंजिनावर हात ठेवला, थंडगार. दुसऱ्या किकला चालू झाली. आणि आतून टक, टक, टक, टक. स्टीलच्या वाटीवर कुणी अंगठी आपटावी तसा. हा आवाज मी माझ्या गाडीत कधी ऐकला नव्हता. अर्धं मिनिट झालं असेल नसेल, मिस्त्रींनी हात वर केला.

"बंद कर! बंद कर म्हनतो ना!"

मी किल्ली फिरवली.

"क्रँक गेलाय," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "दोन म्हैनं चाललं. फारतर तीन."

क्रँक जाणं म्हणजे इंजिनाचा कणाच मोडणं. भाव निम्म्यावर आला. मी तासभर भांडलो, त्यातला अर्धा तास गल्लीला ऐकू जाईल असा. पण दुपारपर्यंत डिपॉझिट द्यायचं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. मी पैसे घेतले आणि नाल्याकडेचं शेड घेतलं. पहिली चार वर्षं गिऱ्हाइकं रस्त्यावर उभी राहून फोन करायची, "अहो, दुकान आहे कुठं?" पावसाळ्यात पाणी आत यायचं आणि लेथचे पाय विटांवर चढवावे लागायचे. प्रत्येक वीट ठेवताना मी त्या माणसाला शिव्या दिल्या आहेत.

दोन महिने गेले, तीन गेले. क्रँक गेला नाही. वर्षानं मला ती गाडी सोमाटणे फाट्यावर दिसली, वर मिस्त्री, मागं जनावरांच्या पेंडीचं पोतं. पाच वर्षांनी चाकणच्या रस्त्यावर दिसली. दहा वर्षांनीही. मी ओळखीच्या एका मेकॅनिककडून माहिती काढली, तेव्हा तो म्हणाला की मिस्त्रींनी त्या गाडीचं इंजिन एकदाही खोललेलं नाही. मग क्रँक कसला गेला होता? आणि रात्रभर गाडी त्यांच्या दारात होती, तेव्हा त्यांनी तिला काय केलं? मला शिकवलेलं सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त येत होतं. एखादा बोल्ट अर्धा आटा सैल करायला त्यांना किती वेळ लागला असता? जेवताना हा विषय निघाला की बायको म्हणायची, "गाडी विकलीत, राग तेवढा विकायचा राहिला. त्याला पण गिऱ्हाईक बघा."

गेल्या हिवाळ्यात तळेगावच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीन बघायला गेलो होतो. मालक बोलता बोलता म्हणाला की मिस्त्रींना अर्धांगवायूचा झटका येऊन वर्ष झालं, गॅरेज बंद आहे आणि मुलगा ती गाडी विकायचं म्हणतोय. त्या रात्री मी नीट जेवलो नाही. गाडी मला परत पाहिजे होती, पण खरं तर गाडी नको होती. "मी तुला फसवलं" हे एक वाक्य पाहिजे होतं, त्यांच्या तोंडून, त्या गाडीशेजारी उभं राहून.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला कुणाला न कळवता गेलो. गॅरेजच्या जागी पत्र्याचा आडोसा होता आणि त्याखाली माझी गाडी, पुसून लख्ख. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर मिस्त्री, कानटोपी घातलेले, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. मी राम राम केला नाही. सरळ जाऊन इंजिनावर हात ठेवला आणि झटक्यानं मागं घेतला.

"ही गरम आहे."

"आसंल."

"मी येणार हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तू ईस वर्सांत न्हाई आलास. आज येनार म्हून मला काय सपान पडलं?" त्यांची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

"मग गरम कशी?"

"रोज करतो."

"गाडी चालवता येत नाही आणि रोज गरम करता? कुठं जायचं असतं?"

"कुटं न्हाई."

माझं डोकं फिरलं. मला शिकवलेली युक्ती माझ्यावरच, तीही दुसऱ्यांदा! मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. नाल्याचं बोललो, विटांचं बोललो, आवाज चढत गेला. मिस्त्री हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसली.

"त्वांड तसंच हाय लेका. ह्याला सायलेन्सर कवा बशिवनार?"

आतून त्यांची सून बाहेर आली, पिठाचे हात तसेच. "भाऊ, काय ओरडायचं ते आत बसून ओरडा. चहा टाकलाय. समोरच्या काकू गॅलरीत येऊन बसल्यात, त्यांच्या करमणुकीची सोय कशाला करता?"

मी चहा न घेता निघालो. गार झाल्याशिवाय बघणार नाही, असं सांगून आलो.

बुधवारी चाकणला जायचं होतं. वाट वाकडी करून सात वाजता गेलो. फाटक उघडं, अंगणात कुणी नाही, आत मिस्त्रींचं घोरणं ऐकू येत होतं. चोरासारखा आत शिरलो आणि हात लावला. कोमट. मी आज येणार हे मलाच सकाळी ठरवल्यावर कळलं होतं. म्हणजे हे माझ्यासाठी नव्हतं. मग कुणासाठी? दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं का? की म्हातारा खरंच रोज गाडी गरम करतो? पण किक मारणार कसा, उजवा पाय तर गेलेला. चाकणला पोचेपर्यंत मी हेच उलटसुलट करत होतो. एका माणसाची पत्रा दाबायची पंधरा टनी प्रेस घ्यायला गेलो होतो आणि भाव करायचं विसरून त्याच्या पहिल्या आकड्याला "बरं" म्हणून बसलो. तो माणूसच घाबरला. त्याला वाटलं मी काहीतरी चुकीचं घेतोय.

शुक्रवारी सव्वासहाला गेलो. थंडी होती. समोरच्या घराच्या कुंपणाआड उभा राहिलो, तिथून आडोसा दिसत होता. थोड्या वेळानं सून बाहेर आली. अंगात चाकणच्या कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला डब्याची पिशवी. तिनं पिशवी आरशाला अडकवली, आत जाऊन मिस्त्रींना धरून आणलं, खुर्चीत बसवलं. मग चोक ओढला आणि जोरात किक मारली. एक, दोन, तीन. चौथीला चालू झाली.

टक, टक, टक, टक.

तोच आवाज. वीस वर्षांत मी हजारो इंजिनं ऐकली, पण तो मी कुठंही ओळखला असता. मिस्त्रींनी डाव्या हातानं स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला. सून घड्याळ बघत उभी राहिली. मिनिट झालं. आवाज बारीक होत गेला. दोन मिनिटं झाली असतील. टक... टक... आणि थांबला. इंजिन एका सुरात चालायला लागलं. मिस्त्रींनी मान हलवली आणि सुनेनं चोक आत ढकलला.

मी कुंपणाला टेकलो. क्रँकचा आवाज गरम झाल्यावर थांबत नाही, वाढतो. गरम झाल्यावर थांबतो तो पिस्टनचा. पिस्टन आणि सिलिंडर झिजले की त्यांच्यात फट पडते, गार असताना पिस्टन आपटतो, गरम झाला की फुगतो आणि फट भरून निघते. असं इंजिन रोज दोन मिनिटं गरम करून हळू काढलं तर वर्षानुवर्षं चालतं. म्हणजे क्रँक कधीच गेला नव्हता. रात्री त्यांनी काही सैलही केलं नव्हतं. आवाज माझ्या गाडीत आधीपासून होता. मला तो ऐकू आला नाही, कारण किक मारून मी लगेच सुटायचो आणि टकटक पळत्या गाडीच्या आवाजात बुडून जायची. आणि ती फट पाडली कुणी? गार इंजिन रोज पळवत पहिल्या पाळीला कोण जात होतं?

पण मग "बंद कर" का म्हणाले?

मी रस्ता ओलांडून आत गेलो. मिस्त्रींना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"त्या दिवशी अजून दीड मिनिट चालू ठेवली असती तर आवाज थांबला असता," मी म्हणालो.

"थांबला आसता."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"तवा मला क्रँकच वाटला. वाटलं, आजून चालू ठिवली तर समदंच जाम हुईल."

"आणि पिस्टन आहे हे कधी कळलं?"

"दुसऱ्या दिशी सकाळी."

"दुसऱ्या दिवशी? आणि मला सांगायचं नाही?"

"सांगनारच व्हतो. आटवड्याच्या आत तू टेशनवरच्या टपरीवर मला चोर म्हनलास. चार लोकांम्होरं. माज्या कानावर आलं." त्यांनी स्क्रूड्रायव्हर मांडीवर ठेवला. "मंग न्हाई सांगितलं."

म्हणालो होतो. टपरीवरच काय, जिथं उभा राहीन तिथं म्हणालो होतो. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. माझी सगळी विद्या डोळ्यांत बघण्याची. पण उजवी बाजू ओघळलेली, उजवी पापणी अर्धी मिटलेली, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. तिथं खरंखोटं वाचायला काही शिल्लकच नव्हतं. त्यांना क्रँक वाटला? माझे कान शिकवणाऱ्या माणसाला, ज्याला सायलेन्सरच्या आवाजावरून गाडी कुणाची ते कळायचं, त्याला? आणि वाटला नसेल, तर दुसऱ्या दिवशी कळल्याचं स्वतःहून कशाला सांगितलं असतं? लबाड माणूस एवढं तरी लपवतो. की एवढ्यावर मी विश्वास ठेवावा म्हणूनच सांगितलं?

बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. "आबा, जाते," सून पिशवी उचलत म्हणाली. "भाऊ, थांबणार असाल तर थोड्या वेळानं बंद करा आणि किल्ली खिळ्याला लावा. आणि यांना थंडीत जास्त बसवू नका."

ती गेली. आम्ही दोघं त्या चालू इंजिनाशेजारी बसलो.

"चालवता येत नाही तर रोज हे कशाला?" मी विचारलं. आवाज खाली आला होता, तो मला माझा वाटेना.

"पाय ग्येला, हात ग्येला. कान हाय आजून. त्याला काय तरी काम पायजे."

"मग विकताय का?"

"पोराला हितं खोली काढायचीय. न्हाई कसं म्हनू?"

मी किल्ली फिरवली. एकदम शांत झालं. मग मी भाव विचारला.

"जेवड्याला घेटली तेवड्याला."

आजवर मी कुणाचाही पहिला आकडा ऐकून गप्प बसलो नाही (चाकणचा तो माणूस सोडून). पण या आकड्यावर काय बोलावं? कबुली म्हणून सांगितला असेल तर घ्यायला हवा होता. टोमणा असेल तर उठून जायला हवं होतं. आणि त्यांना खरंच तो भाव रास्त वाटत असेल, तर तो कबूल करणं म्हणजे वीस वर्षांचा माझा राग खोटा होता असं मी लिहून देण्यासारखं होतं. मी चिडून त्या वेळी तोंडी ठरलेला, पहिला, पूर्ण भाव सांगितला.

"क्रँक गेलेल्या गाडीला एवडं?" ते म्हणाले. "येडा झालास का?"

"क्रँक गेलेला नाही. तुम्हीच म्हणालात."

"मंग पिस्टन झिजल्याला हाय. आनि म्हातारी झालीय."

तासभर आम्ही भांडलो. मी वर ओढत होतो, ते खाली. समोरच्या काकू गॅलरीत येऊन बसल्या. आयुष्यात असा सौदा मी केलेला नाही, आणि भाव कुठं ठरला तेही सांगत नाही. शेवटी ते दमले आणि म्हणाले, "बरं, पन एक आट."

अट ऐकली की मी उठतो, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी बसून राहिलो.

"सकाळी चालू केलीस का फोन लावायचा. ईंजिनाजवळ धरायचा. थांबला का न्हाई ते मी सांगनार, मंग निघायचं."

चिखलीहून आम्ही मागंच मोशीला आलो, आता गाडी तिथं आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते. सकाळी साडेसहाला मी खाली येतो, चोक ओढतो, किक मारतो आणि फोन इंजिनाजवळ धरून उकिडवा बसतो. सोसायटीच्या सेक्रेटरीनं धुराबद्दल दोनदा चिठ्ठी लावली. त्याच्याशी माझं एकदा चांगलंच वाजलं, आता गाडी फाटकाबाहेर ढकलत नेऊन चालू करतो. आमच्या इथला मेकॅनिक म्हणाला, सिलिंडर आतून बोअर करून नवा पिस्टन टाकू, आवाज कायमचा जाईल, सकाळी थांबायलाही नको. मी भाव न विचारता नको म्हटलं. तो अजून माझ्याकडं संशयानं बघतो.

आवाज थांबेपर्यंत दोन मिनिटं असतात. तेवढ्यात मी मधूनमधून विचारतो, त्या दिवशी खरंच क्रँक वाटला होता का? एकदा म्हणाले, "व्हय." एकदा म्हणाले, "न्हाई." महाशिवरात्रीच्या दिवशी म्हणाले, "आटवत न्हाई लेका." तिन्ही वेळा आवाज तोच, जड आणि सपाट, आणि मागं कुठंतरी सुनेच्या बसचा हॉर्न.

आज सकाळी परत विचारलं. उत्तरच येईना. मला वाटलं फोन कट झाला, म्हणून मी कानाला लावला.

"आरं फोन खाली धर," ते ओरडले. "मधी मधी बोलू नगं. आजून गार हाय."

मी खाली धरला.